इराण्याच्या कोपऱ्यावर

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या महिन्यात माझा भाचा पहिल्यांदाच एकटा आमच्या गिरगावातल्या घरी यायला निघाला. फोनवर मी त्याला म्हणालो, "इराण्याच्या कोपऱ्यावर टॅक्सी सोड आणि डावीकडच्या गल्लीत शिर." थोड्या वेळानं त्याचा फोन आला. "मामा, इथे कुठलाच इराणी नाहीये. एक औषधांचं दुकान आहे आणि एक एटीएम आहे." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तो इराणी बंद पडला तेव्हा या पोराचा जन्मही झाला नव्हता. पण आमच्या वाडीत आजही सगळे असाच पत्ता सांगतात. गॅस सिलिंडर आणणारा नवा मुलगासुद्धा 'इराण्यापाशी आलोय' म्हणून फोन करतो. त्यानं तरी कुठे पाहिलाय तो इराणी!

तर आज बोलायचंय ते अशा बंद पडलेल्या हॉटेलांबद्दल. हॉटेल हा शब्द मी आपल्या जुन्या अर्थानं वापरतोय बरं का. जिथे राहायचं ते नव्हे, जिथे चहा प्यायचा ते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला इराणातल्या यझ्द आणि केरमान भागांतून झरथुष्ट्री मंडळी मुंबईत आली. त्यांच्याच धर्माचे पारशी इथे कित्येक शतकांपूर्वी स्थिरावलेले होते. हे नंतर आले, म्हणून हे 'इराणी'. त्यांनी हॉटेलं काढली ती बहुतेक रस्त्याच्या कोपऱ्यांवर. सांगतात असं, की आपल्याकडचे दुकानदार कोपऱ्याची जागा अशुभ मानायचे, त्यामुळे ती इराण्यांना स्वस्तात मिळाली. असेलही. मला मात्र त्यात साधा व्यवहार दिसतो. कोपऱ्याला दोन रस्ते, म्हणजे दोन दारं, दुप्पट उजेड आणि दोन्हीकडून येणारं गिऱ्हाईक.

आमच्या कोपऱ्यावरचा इराणी काही नामांकित वगैरे नव्हता. संगमरवरी पाट्यांची टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या, भिंतीला डागाळलेले मोठे आरसे, मालकाच्या डोक्यावर झरथुष्ट्राची तसबीर आणि गल्ल्याशेजारी काचेच्या बरण्यांत खारी, नानकटाई. पुढच्या भागात दुकान. अंडी, पाव, साबण, ब्लेड, काड्यापेटी, सगळं मिळायचं. आईनं अंडी आणायला पाठवलं की मी जरा रेंगाळायचो, कारण आतले आवाज ऐकायला मजा यायची. बशीवर कप आपटल्याचा आवाज, चमच्यांचा किणकिणाट आणि गिऱ्हाईक उठलं की पोऱ्यानं तिथूनच गल्ल्याकडे ओरडून सांगितलेला हिशेब. काय खाल्लंय, किती झाले, सगळं जाहीर. बिलाचा कागद नव्हता, म्हणून लपवाछपवीही नव्हती. वडिलांनी बाहेर ऑम्लेट खाल्लं, हे आमच्या घरी कसं कळायचं ते आता सांगायला नकोच.

ब्रूनला, म्हणजे कडक सालाच्या पावाला, मस्का लावून तो 'पानी कम' चहात बुडवायचा, ही चव आठवणारे श्रोते पुष्कळ असतील. पण खरं सांगू का, चवीबद्दल माझी काही फार तक्रार नाही. ब्रून-मस्का आजही मिळतो. धोबीतलावला १९०४ सालापासूनचं कयानी अजून चालू आहे, बॅलार्ड इस्टेटमध्ये १९२३ सालचं ब्रिटानिया आहे, पुण्यात गुडलक आहे. मला चुकल्यासारखं होतं ते निराळ्याच गोष्टीमुळे. एका चहावर तास-दीड तास बसता यायचं. पेपर एकच असायचा, पण त्याची पानं चार टेबलांवर फिरायची. अग्रलेखवाला वाचून होईपर्यंत क्रिकेटवाला थांबायचा. घरी दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं असताना शहरात बसायला हक्काची दुसरी जागा होती कुठे?

आणि बसू देतात म्हणून माणसं काय काय करायची, ते त्या पाट्यांवरून कळतं. इराण्याकडच्या पाट्या हा थट्टेचाच विषय आहे. केस विंचरू नका. वाद घालू नका. गल्ल्यावरच्या माणसाशी गप्पा मारू नका. जास्त वेळ बसू नका. आपण हसतो, पण बघा, कुणी आरशात बघून रोज भांग पाडत असल्याशिवाय तशी पाटी कोण कशाला लावेल? म्हणजे जितक्या पाट्या, तितकी माणसं ते-ते करतच होती. अशा पाट्यांसाठी ज्याचं नाव हटकून निघायचं ते धोबीतलावचं बस्तानी. या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत ते बंद झालं. समोरासमोरची दोन हॉटेलं, दोघांचं गिऱ्हाईक तेच, चहाही साधारण तोच. कयानी राहिलं, बस्तानी गेलं.

काळा घोड्याला वेसाइड इन होतं. तिथल्या खिडकीजवळच्या टेबलावर कवी अरुण कोलटकर बसायचे. समोर तो रस्त्यातला तिकोनी तुकडा, तिथली भटकी कुत्री, इडलीवाली, झाडूवाल्या, सगळं त्या खिडकीतून दिसायचं. कोलटकर २००४ साली गेले, त्याच्या आधीच ते हॉटेल गेलं होतं. त्याच रस्त्याला पलीकडे जहांगीर आर्ट गॅलरीत समोवार होतं. १९६४ साली उषा खन्ना यांनी ते सुरू केलं. आगगाडीच्या डब्यासारखी लांबट, चिंचोळी जागा, एका बाजूला म्युझियमची हिरवी बाग. पुदिन्याचा चहा आणि पराठे. चित्रकार तिथे येत, पण चित्रकारांकडे नुसतं बघायला येणारेही पुष्कळ असत, मी त्यांतलाच. मार्च २०१५मध्ये समोवार बंद झालं. शेवटच्या दिवसांत आत पाय ठेवायला जागा नव्हती म्हणतात.

या शेवटच्या दिवसांच्या गर्दीबद्दल मला जरा बोलायचंय. २०१४ साली ग्रँट रोड स्टेशनसमोरचं बी. मेरवान बंद होणार अशी बातमी आली. १९१४ सालचं, म्हणजे शंभर वर्षांचं हॉटेल. मावा केकसाठी पहाटेपासून माणसं उभी राहिली. पेपरांत फोटो आले, डोळे पुसणाऱ्यांच्या मुलाखती आल्या. आणि मग ते दुरुस्ती करून पुन्हा उघडलं! त्यावर माझा एक मित्र म्हणाला, "अरे, मी तर निरोपसुद्धा देऊन आलो होतो, आता परत कसा जाऊ?" हा मित्र त्याआधी अकरा वर्षं तिथे फिरकला नव्हता. मी तरी कुठे गेलो होतो म्हणा.

पुणेकर श्रोते एव्हाना अस्वस्थ झाले असतील. डेक्कनचं लकी सांगायचं राहिलं, कॅम्पातलं नाझ सांगायचं राहिलं. मान्य. त्यांच्यावर एखाद्या पुणेकरानंच बोलावं. मी मुंबईकर काही बोललो तर चूकच निघायची.

ही हॉटेलं का बंद पडली, याचं उत्तर लोक एका शब्दात देतात. पिझ्झा. मला ते पटत नाही. खरी गोष्ट जागेची आहे. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्यानं मुंबईतली जुनी भाडी जवळजवळ जागच्या जागी थिजली. एका चहावर तासभर बसू देणं इराण्याला परवडलं, त्यात त्याच्या दिलदारीइतकाच त्या भाड्याचाही वाटा होता. पुढे जागेची पागडी, म्हणजे जुन्या भाड्याचा हक्क सोडताना मिळणारी रक्कम, इतकी चढली की वर्षभर चहा विकून जे मिळायचं नाही, ते एका सहीनं मिळू लागलं. त्यात धंदा बहुधा भागीदारीतला. भाऊ, मेव्हणे, चुलतभाऊ. पहिली पिढी पहाटे चारला उठून पावाची गाडी उतरवून घ्यायची. तिसरी पिढी डॉक्टर झाली, परदेशी गेली. सात भागीदारांतले पाच म्हणाले, विका. एके काळी मुंबईत साडेतीनशेच्या आसपास इराणी हॉटेलं होती असं सांगतात, आता ती बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. पण चारला उठून गल्ल्यावर बसायला माझा मुलगा तयार झाला नसता, तर इराण्याच्या मुलानं का व्हावं?

हॉटेल बंद करायला नोकरांनीच नकार दिल्याचंही एक उदाहरण आहे. इंडिया कॉफी हाउसची सुरुवात आपल्या चर्चगेटलाच झाली, १९३६ साली. पुढे कॉफी बोर्डानं ती कॉफी हाउसं बंद करायला घेतली. कामावरून निघालेल्या माणसांनी कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकारानं सहकारी सोसायट्या काढल्या आणि १९५७पासून कॉफी हाउसं स्वतः चालवायला घेतली. फेटेवाले वाढपीच मालक झाले. आमच्या इराण्याकडच्या पोऱ्यांना असं काही सुचलं नाही. ते कुठे गेले, हे आमच्यापैकी कुणाला ठाऊक नाही, आणि आम्ही विचारलंही नाही.

आता नावाच्या हॉटेलांबद्दल निदान कुणीतरी लिहितं. खोताच्या वाडीतलं अनंताश्रम बंद झालं, तेव्हा मासे खाणाऱ्या अर्ध्या मुंबईनं सुतक पाळलं. तिथला करडा कारभार, 'संपलं' म्हणून मिळालेला नकार, तोही लोक कौतुकानं सांगतात. पण ज्यांच्या दारावर पाटीच नव्हती, त्यांचं काय? माझी आत्या लालबागला खानावळ चालवायची. चाळीतली एक खोली, वर पोटमाळा, बाहेर गॅलरीत हात धुवायला बादली. कोकणातून, घाटावरून आलेले गिरणी कामगार बायकामुलं गावी ठेवून इथे एकेका खोलीत पंधरा-वीस जण राहायचे. झोपायचेसुद्धा पाळ्यांनी. त्यांचं जेवण या खानावळीत. पहिली पाळी सुटली की एक पंगत, दुसरी सुटली की मध्यरात्री दुसरी.

तिथे इराण्यासारखं बसून राहायची सोय नव्हती. जेवला की ऊठ, कारण मागे दुसरा हात धुऊन उभा. पण कुणाला उशीर झाला तर त्याचं ताट झाकून ठेवलेलं असायचं. माशाची तुकडी मोजून बाजूला काढलेली. मी लहानपणी एकदा त्यावरचं झाकण काढून बघितलं, तर आत्यानं पाठीत धपाटा घातला होता. "तुझं नाही ते. देवगडवाल्याचं आहे."

अशा बायका गिरणगावात शेकड्यांनी होत्या. त्यांचा पैसा महिन्याच्या पगाराला यायचा, पण वाण्याला रोज द्यावा लागायचा, म्हणून सावकाराचं व्याज पाठीला. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि या खानावळवाल्यांना बँकेचं कर्ज मिळवून द्यायला सुरुवात केली. आत्या म्हणायची, आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझी सही मागितली.

१८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार. संपाबद्दल पुष्कळ बोललं गेलंय, मी त्यात शिरत नाही. आत्याच्या खानावळीला कुणी टाळं लावलं नाही, शेवटचा दिवस असा काही झाला नाही, आणि रांग तर लागलीच नाही. पंगत लहान लहान होत गेली, इतकंच.

तिची वही माझ्याकडे आहे. पाठकोऱ्या कागदांची, लाल सुतळीनं शिवलेली. आडनावं तिनं कधीच लिहिली नाहीत, माणूस ज्या गावचा त्या गावाचं नाव. आज येताना मी ती बरोबर घेऊन आलोय. त्या वर्षीच्या मार्च महिन्याचं पान आहे, तेवढं वाचतो.

गारगोटीचा. गावी. बाकी राहिली.

कणकवलीचा मोठा. गावी.

कणकवलीचा धाकटा. एक वेळ. मग गावी.

पाटणचा. डबा बंद.

खेडचा. पितळी तांब्या ठेवून गेला. जपून ठेवणे.

देवगडवाला. गावी. आठवड्यानं परत आला. दोन्ही वेळ. पैसे विचारू नये.