बोंबील, बॉम्बे डक आणि मुंबईचे साहेब

बांबू रोवलेत, दोऱ्या ताणल्यात आणि दोऱ्यांवर बोंबील. कुठे गाठ नाही, आकडा नाही. वेसाव्याची कोळीण एका बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवते आणि ती जोडी दोरीवर टाकते. दात असे आत वळलेले, की वाऱ्यानेही जोडी सुटत नाही. डोल जाळ्यातून येतो तेव्हा हा मासा पाण्याने भरलेला, लुसलुशीत. उन्हात मात्र पार वाळून काडी होतो. म्हणूनच आपल्याकडे हडकुळ्या पोराला घरचे म्हणतात, "काय रे, सुका बोंबील झालायस!"

इंग्रजांनी याला नाव दिलं बॉम्बे डक. त्याची एक गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते: टपाल नेणाऱ्या आगगाडीतून सुके बोंबील जायचे, गाडीला वास यायचा, म्हणून 'बॉम्बे डाक', आणि डाकचं झालं डक. गोष्ट रंगतदार आहे, पण टिकत नाही. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली 1853 मध्ये. बॉम्बे डक हे नाव त्याआधीच इंग्रजीत छापून आलं होतं.

आपलं नाव तर त्याहून कितीतरी जुनं. 1673 मध्ये जॉन फ्रायर नावाचा इंग्रज डॉक्टर मुंबईत आला. माझगाव म्हणजे तेव्हा कोळ्यांचं मोठं गाव. तिथला 'बंबेलो' प्रसिद्ध आहे, गोरगरिबांचं पोट त्यावर भरतं, असं त्याने लिहून ठेवलं. हा बंबेलो म्हणजे आपला बोंबीलच! माझगावच्या कोळ्यांच्या तोंडचा शब्द त्याने ऐकला आणि जमेल तसा उतरवला, याचं मला फार मोल वाटतं.

आणि मग हे नाव माणसांना चिकटलं. कंपनी सरकारच्या नोकरीतले गोरे एकमेकांना टोपणनावं ठेवायचे. बंगालचे साहेब 'क्वी-हाय', कारण नोकराला हाक मारताना "कोई है?" ओरडायचे. मद्रासचे 'मल्स', 'मलिगटॉनी' या तिथल्या मिरीच्या सारावरून. मुंबईचे 'डक्स'. 1886 च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात हे सगळं नोंदलंय, आणि डक्स हे नाव बहुधा या माशावरूनच आलं असावं, असंही म्हटलंय.

त्याच कोशात 1803 चं एक वाक्य दिलंय. लिहिणारा बंगालच्या नोकरीतला तरुण अधिकारी. छावणीतल्या राहणीबद्दल तो म्हणतो, इथे बंगालच्या फौजेचं सुख नाही, पण डक्ससारखे हालही काढत नाहीत. त्याचं नाव माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. सोळा वर्षांनी, 1819 मध्ये, तो याच डक्सचा गव्हर्नर झाला.