डॉर्टमुंडचा कारखाना चीनला गेला, त्याची गोष्ट

नमस्कार श्रोतेहो. आज पोलादाबद्दल बोलू. जगात ते कोण बनवतं, कुठे खपतं आणि एका देशात माल तुंबला की दुसऱ्या देशातले कारखानदार दिल्लीला धाव का घेतात.

आकडे आधी उरकून टाकतो, कारण मला एक गोष्ट सांगायची आहे. 2024 मध्ये जगात कच्चं पोलाद, म्हणजे भट्टीतून निघालेलं पण अजून पत्रा-सळई न झालेलं, निघालं सुमारे 188 कोटी टन. त्यातलं 100 कोटी टन एकट्या चीनचं. पुन्हा सांगतो, 188 पैकी 100. दुसरा नंबर आपला, जवळपास 15 कोटी टन. आणि सन 2000 मध्ये हाच चीन 13 कोटी टनांच्या आसपास होता.

आता गोष्ट. जर्मनीत डॉर्टमुंड शहर आहे, त्यात ह्योर्ड नावाचा भाग. तिथे 1840 च्या दशकापासून लोखंडाचं काम चाले. बाप भट्टीवर, मुलगा भट्टीवर, नातूही भट्टीवर. 2001 मध्ये तिथलं पोलाद थांबलं. आता एवढ्या अवाढव्य कारखान्याचं करायचं काय? तो विकत घेतला चीनच्या शागांग कंपनीने, जवळपास भंगाराच्या भावात. ही शागांगही काही जन्मजात लोखंडवाली नाही बरं का. 1970 च्या दशकात कापसाच्या एका कारखान्याने जोडधंदा म्हणून खिडक्यांच्या चौकटींचं पोलाद काढायला घेतलं, त्यातून ती उभी राहिली. आपल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या जिनिंगवाल्यांनी हे जरूर ऐकावं.

तर चीनमधून हजाराच्या घरात कामगार आले. राहायचे कारखान्याच्या आवारातच. सुट्टी नाही, आठवड्याचे सातही दिवस काम. शेजारच्या जर्मनांना हे काही रुचेना, तक्रारी झाल्या, मग आठवड्यातून एक दिवस काम बंद ठेवायला लागले. तरीही मुदतीच्या आधी सगळं उकललं. उकललं म्हणतोय मी, तोडलं नाही. प्रत्येक भागावर नंबर, प्रत्येक पेटीवर खूण. अडीच लाख टन सामान! आणि ते पुन्हा जोडायचं कसं, याची नुसती कागदपत्रंच 40 टन भरली, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं. आपल्याकडे मिक्सरचं माहितीपुस्तक दुसऱ्या दिवशी रद्दीत जातं आणि तिसऱ्या दिवशी आपण दुकानदाराशी भांडायला जातो. कागद जपणारा माणूस मला फार आवडतो. असो.

सगळं सामान जहाजांवर चढलं आणि यांगत्से नदीच्या मुखाजवळ उतरलं. काही वर्षांतच चीनमध्ये इमारती, पूल, रेल्वे यांचा असा धडाका सुरू झाला की पोलादाचे भाव जगभर चढले. भंगाराच्या भावात घेतलेल्या यंत्रांनी सोनं पिकवलं. गोव्याच्या श्रोत्यांना तो काळ चांगलाच आठवत असेल. मांडवीतून लोहखनिजाने भरलेल्या बार्जेसची, म्हणजे सपाट मालबोटींची, रांग लागायची. एरवी ज्या हलक्या प्रतीच्या खनिजाला कुणी विचारत नसे, तेही चीन उचलत होता.

आणि ह्योर्डला काय उरलं? तिथे खणून तळं केलं. फिनिक्स तळं. 2010 मध्ये त्यात पाणी सोडायला सुरुवात झाली. आज काठावर महागडी घरं आहेत, लोक शिडाच्या होड्या फिरवतात आणि पोलाद बनवायचं एक जुनं भलंमोठं भांडं, म्हणजे कन्व्हर्टर, आठवण म्हणून उभं करून ठेवलंय.

आता आयातीकडे येतो. चीनमध्ये 2021 नंतर घरबांधणीचा धंदा बसला. घरं थांबली, भट्ट्या मात्र थांबल्या नाहीत. मोठी भट्टी दिवाबत्तीसारखी विझवता-पेटवता येत नाही, शिवाय माणसांचा रोजगार असतो. मग उरलेला माल बाहेर निघाला. 2024 मध्ये चीनची निर्यात 11 कोटी टनांवर गेली. 11 कोटी टन, म्हणजे जपान वर्षभरात बनवतो त्याहून जास्त! असा माल बाजारात उतरला की भाव पडणारच. अमेरिकेने 2018 मध्ये बाहेरून येणाऱ्या पोलादावर 25 टक्के शुल्क लावलं होतं, 2025 मध्ये ते 50 वर नेलं. आपणही एप्रिल 2025 मध्ये 12 टक्के तात्पुरतं शुल्क बसवलं.

हे 12 टक्के कशावर, ते नीट ऐका. पत्रा, कॉइल म्हणजे पत्र्याची गुंडाळी, आणि प्लेट म्हणजे जाड पत्रा यांवर. सळईवर नाही. म्हणजे मोठ्या कारखान्यांना दिलासा, पण भोसरी-चाकणला पत्रा दाबून सुटे भाग करणाऱ्या छोट्या उद्योजकाला तोच पत्रा महाग. त्याच्या बाजूने बोलायला कुणी नसतं, हे माझं जुनं दुखणं आहे.

घर बांधताय? तुमच्या सळईचा चीनशी फारसा संबंध नाही, तिची चिंता तुम्हीच करा. आपल्याकडची बरीचशी सळई जालन्यासारख्या ठिकाणी भंगार आणि स्पंज आयर्न, म्हणजे खनिज न वितळवता काढलेलं सच्छिद्र लोखंड, वितळवून होते. लोक हॉलच्या टाइल्स चार दुकानं फिरून निवडतात आणि सळई मात्र ठेकेदार आणेल ती. निदान काट्यावर तरी घाला. बारा एमएमची, बारा मीटर लांबीची सळई साधारण साडेदहा किलोच्या थोडी वर भरली पाहिजे. फारच कमी भरली, तर गाडी उतरवून घेण्याआधीच परत पाठवा. नमस्कार.