पाच गुणिले वीस: मिसिसिपीचं कलम 273 कसं बुडालं

नमस्कार. अमेरिकेत प्रत्येक राज्याची स्वतःची राज्यघटना असते. तिच्यात तरतूद असेल तर नागरिक आमदारांना बाजूला ठेवून स्वतः प्रस्ताव मांडतात आणि मतदानाने मंजूरही करतात. मिसिसिपीने 1992 मध्ये घटनादुरुस्ती करून कलम 273 मध्ये हा हक्क दिला. 2021 मध्ये तो गेला, एका अपूर्णांकापायी.

आधी रीत बघू. नागरिकांना फक्त घटनादुरुस्ती सुचवता यायची, साधा कायदा नाही. गेल्या गव्हर्नर निवडणुकीत पडलेल्या मतांच्या 12 टक्के सह्या हव्यात. शिवाय संसदेच्या कुठल्याही एका मतदारसंघातून लागणाऱ्या सह्यांच्या एक पंचमांशापर्यंतच सह्या धरायच्या, वरच्या बाद. सगळा गठ्ठा एकाच भागातून येऊ नये म्हणून.

(पडद्यावर: 5 × 20 = 100)

तेव्हा मतदारसंघ पाच. हिशेब जुळतो, पण काठावर. एका भागात काही सह्या बोगस निघाल्या, तर दुसऱ्या भागातल्या जादा सह्यांनी ती तूट भरून निघत नाही. म्हणजे अट मुळातच जाचक होती.

मग 2000 ची जनगणना झाली आणि राज्याची संसदेतली एक जागा कमी झाली, मतदारसंघ चारच उरले.

(पडद्यावर: 4 × 20 = 80)

घटनेतला मजकूर मात्र तोच राहिला. राज्यातल्या झाडून सगळ्या मतदारांनी सह्या केल्या तरी 80 टक्क्यांच्या पुढे जाता येईना! प्रशासनाने जुन्या पाच मतदारसंघांचा नकाशा वापरून गाडा हाकला. 2011 मध्ये दोन प्रस्ताव असेच मंजूर झाले.

नोव्हेंबर 2020 मध्ये औषधी गांजाचा प्रस्ताव, क्रमांक 65, मोठ्या फरकाने जिंकला. मॅडिसन शहराच्या महापौर मतदानाच्या काही दिवस आधीच त्याविरुद्ध कोर्टात गेल्या होत्या. 14 मे 2021 रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 6 विरुद्ध 3 मतांनी तो रद्द केला. घटनेत एक पंचमांश लिहिलंय, ते बदलणं न्यायालयाचं काम नाही, असा एकूण सूर. त्यामुळे पुढच्या प्रत्येक प्रस्तावाची वाटही बंद झाली.

‘एक पंचमांश’ऐवजी ‘एक भागिले त्या वेळची मतदारसंघांची संख्या’ एवढं लिहिलं असतं तरी भागलं असतं. कॅलिफोर्नियाने 1911 मध्ये हा हक्क दिला, तिथे अशा प्रस्तावांना भागवार मर्यादाच नाही. कायद्यासाठी 5 टक्के, घटनादुरुस्तीसाठी 8 टक्के सह्या, राज्यात कुठूनही.

आता खरी मेख. मिसिसिपीच्या त्याच कलमानुसार, प्रस्ताव मांडण्याची ही पद्धत नागरिकांच्या प्रस्तावाने बदलता येत नाही. दुरुस्ती मतदारांपुढे आणायची तर आधी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतात. ज्या आमदारांना वळसा घालायचा होता, त्यांचीच.