मिश्ना बोलायला लागते तेव्हा

नमस्कार मंडळी! एकाच्या बैलाने दुसऱ्याच्या बैलाला शिंग मारलं तर भरपाई किती, यावर दोन माणसं पहाटेपर्यंत तावातावाने भांडतायत आणि वर म्हणतायत की आमच्या या भांडणावर जग टिकून आहे. ऐकायला गंमत वाटते ना? ज्यू धर्मातला अभ्यास असाच असतो, जोडीजोडीने आणि मोठमोठ्याने.

आता योसेफ कारो घ्या. सोळाव्या शतकातले मोठे धर्मशास्त्री, त्यांचं 'शुल्हान आरुख' १५६५ मध्ये व्हेनिसला छापलं गेलं, म्हणजे काय खायचं, शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, काय करायचं नाही, सगळं कलमवार. तसं रुक्षच काम. पण हाच माणूस रात्री मिश्ना, म्हणजे तोंडी चालत आलेल्या कायद्यांचा जुना संग्रह, घोकत बसायचा आणि घोकता घोकता त्यांच्याच तोंडून एक आवाज बोलायला लागायचा, की मी मिश्ना आहे, तुझ्या तोंडून बोलतेय. बरं, हा आवाज नुसता आशीर्वाद देत नसे, जास्त खाल्लंस, जास्त झोपलास म्हणून चक्क झापायचा! कारोंनी हे सगळं डायरीत लिहून ठेवलंय, मला तर तीच जास्त आवडते.

एका शावुओतला, म्हणजे ज्यूंचा पवित्र ग्रंथ तोरा देवाकडून मिळाली त्या सणाला, ते मित्रांसोबत रात्रभर वाचत बसले होते. त्यांचे दोस्त श्लोमो अल्काबेत्झ पत्रात लिहितात की मध्यरात्री कारोंच्या तोंडून तो आवाज आला आणि सगळे जमिनीवर पालथे पडले. आवाज म्हणाला, तुम्ही दहा जण असतात तर अजून वर गेला असतात. मग काय, दुसऱ्या रात्री दहा जण गोळा केले, परत जागरण! शावुओतच्या रात्री जागून वाचायची पद्धत आजही आहे, जेरुसलेममध्ये तर लोक रात्रभर वाचून पहाटे चालत प्राचीन मंदिराच्या उरलेल्या पश्चिम भिंतीपाशी प्रार्थनेला जातात.

पुढे १८०३ च्या सुमारास आजच्या बेलारूसमधल्या वोलोझिनला रब्बी, म्हणजे धर्मगुरू, हाईम यांनी येशिवा, म्हणजे धर्मग्रंथ शिकायची शाळा, काढली. तिथे पाळ्या लावून चोवीस तास अभ्यास चालायचा, कारण एक क्षणभर जरी जगात कुठेच तोरा वाचली जात नसेल तर सगळी सृष्टी शून्यात जाईल, अशी त्यांची श्रद्धा. आता एवढं म्हणणारा माणूस पोरांना समाधी लावायला सांगेल असं वाटतं की नाही? छे. त्यांचं म्हणणं, अभ्यास करताना भक्तीचे उमाळे नकोत, तो कायदा हीच देवाची इच्छा आहे, तेव्हा बैलाचं प्रकरण चाललंय तर डोक्यात बैलच हवा.