आत्याची पिशवी का काढली होती?

१८९५ सालची गोष्ट. अमेरिकेत मिशिगनमधल्या अ‍ॅन आर्बरला ऑल्ड्रेड वॉर्थिन नावाचे पॅथॉलॉजिस्ट होते. त्यांच्याकडे शिवणकाम करणारी बाई एकदा म्हणाली, मी काही फार जगायची नाही. आमच्या घरात सगळे पोटाच्या, आतड्याच्या नाहीतर गर्भाशयाच्या कॅन्सरनंच जातात. ती गेलीही तशीच, गर्भाशयाच्या कॅन्सरनं. वॉर्थिन हळहळून थांबले नाहीत. तिच्या नातेवाइकांची माहिती जमवत राहिले आणि १९१३ साली ती छापली. पुढे साठच्या दशकात अमेरिकेतल्याच ओमाहाच्या डॉ. हेन्री लिंच यांनी अशीच घराणी शोधून काढली, पण कॅन्सर असा घराण्यातून येतो यावर विश्वास ठेवायला फारसं कुणी तयार नव्हतं. त्यामागचं पहिलं जनुक हाती लागायला १९९३ साल उजाडलं. आज या आजाराला लिंच सिंड्रोम म्हणतात.

पेशी दुभागताना डीएनएची नक्कल होते आणि तीत चुका राहतात. एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६, पीएमएस२ ही जनुकं म्हणजे आपले मुद्रितशोधक. त्यांतल्या एकाची एक प्रत जन्मतःच बिघडलेली असली आणि पुढे एखाद्या पेशीत दुसरीही गेली, की चुका साचू लागतात आणि त्यातून कॅन्सर होऊ शकतो. ही बिघडलेली प्रत प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता निम्मी, मग मुलगा असो की मुलगी.

आता घराण्यात हा आजार आहे का हे बघायला आपल्याकडे वंशावळ काढायला बसलं की काय होतं, ते सांगते. वडिलांकडच्या तीन पिढ्यांची नावं घडाघडा येतात. आत्या मात्र लग्न होऊन गेली की कागदावरूनही जाते, आणि आईच्या माहेरचं तर विचारूच नका. मी विचारते, आत्यांना काही आजार?

‘नाही हो. पिशवी काढली होती, तेवढंच.’

कितव्या वर्षी? ‘असेल चाळिशीत.’ का काढली? सगळे एकमेकांकडे बघतात. अहो, लिंचमध्ये मोठ्या आतड्याच्या खालोखाल गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर होतो. मला नेमकं तेच हवं असतं!

कळून उपयोग काय, असं हमखास विचारलं जातं. फिनलंडमध्ये अशा घराण्यांतल्या २५२ जणांवर १५ वर्षं लक्ष ठेवलं. दर तीन वर्षांनी आतड्याची तपासणी करून घेणाऱ्यांत आतड्याचा कॅन्सर ६ टक्क्यांना झाला, न करणाऱ्यांत १६ टक्क्यांना. तपासणीवाल्यांत त्या कॅन्सरनं एकही मृत्यू नाही, दुसऱ्या गटात नऊ. कारण कोलोनोस्कोपीत, म्हणजे दुर्बिणीनं मोठं आतडं तपासताना, पॉलिप (आतल्या अस्तरावरचा कोंब) दिसला की तिथल्या तिथं काढता येतो. आता तर ती वर्षा-दोन वर्षांनी करायला सांगतात. गर्भाशयाच्या बाबतीत तपासणीचा एवढा भरवसा मी देणार नाही. तिथं मुलं झाल्यावर शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो.

जनुकांची चाचणी शक्यतो आधी कॅन्सर झालेल्या माणसाची करावी. त्या चाचणीत दोष सापडला, की बाकीच्यांत तेवढाच शोधायचा. ज्याच्यात तो नाही, त्याची दरवर्षीची धास्ती गेली. आणि आत्या हयात नसल्या, तरी त्यांच्या गाठीचा मेणात ठेवलेला तुकडा (ब्लॉक) रुग्णालयात असू शकतो आणि तो तपासता येतो. जुनी फाईल टाकू नका. तिच्यावरचा बायोप्सी नंबर घेऊन या.