तबल्याला सूर कुठून आला?

श्रोतेहो, नमस्कार.

गणपतीच्या मिरवणुकीत ढोल वाजतो, तेव्हा तो कुठल्या पट्टीत आहे असं कुणी विचारत नाही. विचारलं तरी उत्तर मिळायचं नाही. तबला घ्यायला दुकानात गेलात, तर मात्र दुकानदाराचा पहिला प्रश्न तोच असतो: काळी एक देऊ, की काळी चार, म्हणजे पेटीवरची पहिली काळी पट्टी की चौथी? वाद्यांची जात एकच. गोल तोंडावर ताणून बसवलेला पडदा आणि त्यावर आघात. मग एकाला सूर आणि दुसऱ्याला नुसता दणका, असं का व्हावं?

आधी तारेकडे जाऊ. तंबोऱ्याची खर्जाची तार छेडली आणि ती सेकंदाला 100 वेळा कंप पावते असं धरलं, तर ती काही एवढंच करून थांबत नाही. पूर्ण लांबीनं हलता हलताच ती दोन सारख्या भागांत हलते, तीन भागांत हलते, चार भागांत, पाच भागांत. त्या प्रत्येक हालचालीचा आपापला वेग असतो: 200, 300, 400, 500. स्वरांत सांगायचं तर 200 म्हणजे वरचा षड्ज, 300 म्हणजे त्यावरचा पंचम, 400 पुन्हा षड्ज आणि 500 म्हणजे गंधार. चांगल्या जुळलेल्या तंबोऱ्यातून कुठल्याही तारेवर न लावलेला गंधार ऐकू येतो आणि गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात, तो हाच. हे सगळे उपस्वर मूळ स्वराच्या पटीत असल्यामुळे कान त्यांना वेगवेगळे मोजत बसत नाही. सगळ्यांना मिळून तो एकच स्वर म्हणतो.

पडद्याची गोष्ट वेगळी. एकसारख्या जाडीच्या, सगळीकडून सारख्या ताणलेल्या गोल पडद्याचं मूळ कंपन 100 धरलं, तर पुढचे उपस्वर साधारण 159, 214, 230, 265, 292 असे येतात. यातला एकही 100 च्या पटीत नाही. कानाला हे एकत्र बांधता येत नाहीत, म्हणून त्याला स्वर सापडत नाही, आवाज तेवढा सापडतो. बरं, हे आकडे कारागिराच्या हातातही नाहीत. कातडं कितीही उत्तम घ्या. ताण वाढवलात तर सगळे आकडे एकदम वर चढतील, सैल सोडलंत तर एकदम खाली उतरतील, पण त्यांचं आपसातलं प्रमाण आहे तेच राहील. म्हणजे नुसतं ताणून प्रश्न सुटत नाही.

आपल्याकडच्या कारागिरांनी तो सोडवला शाईनं. तबल्याच्या पुडीवर, म्हणजे तोंडावरच्या कातडी पडद्यावर, मधोमध जो काळा गोल दिसतो, ती शाई. लोखंडाची बारीक पूड आणि शिजवलेली खळ यांचं मिश्रण थरावर थर देत चढवायचं आणि प्रत्येक थर दगडानं घासत जायचं. शेवटी आटलेल्या तळ्याच्या गाळाला पडतात तशा बारीक भेगा तिच्यात पडतात. त्या भेगा हव्यातच. त्या नसत्या तर पुडीवर एक कडक थाळी बसली असती आणि कातडं मोकळेपणानं हललंच नसतं. थोडक्यात, वजन वाढवायचं पण लवचिकपणा घालवायचा नाही, असा हा अवघड प्रकार आहे.

आता मधे वजन ठेवल्यानं काय होतं? पडदा पहिल्या प्रकारानं हलतो, तेव्हा तो सगळाच्या सगळा एकदम वर जातो आणि एकदम खाली येतो. सगळ्यात जास्त हलतो तो मध्य. तिथेच वजन टाकलं की ही हालचाल मंदावते, म्हणजे 100 बरेच खाली उतरतात. दुसऱ्या प्रकारात मात्र पडद्याच्या मधून एक स्थिर रेषा जाते. तिच्या एका बाजूचा अर्धा भाग वर जातो, तेव्हा दुसरा अर्धा खाली जातो. मध्य जवळजवळ जागचा हलत नाही. तिथलं वजन या हालचालीला फारसं जाणवत नाही, आणि म्हणून 159 त्या मानानं कमी उतरतात. पहिला आकडा जास्त घसरला, दुसरा कमी, की दोघांमधलं अंतर वाढतं. शाईचा घेर आणि जाडी बरोबर जमली, की दुसरा पहिल्याच्या बरोबर दुप्पट होतो. पुढचे आकडेही असेच एकेक करून पटीत येऊन बसतात.

हे प्रयोगानं दाखवलं चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी. प्रकाशाच्या विकिरणावरच्या कामाला 1930 चं नोबेल मिळालं, म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण 1907 पासून कलकत्त्यात सरकारी अर्थखात्याची नोकरी सांभाळून ते इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्सच्या प्रयोगशाळेत रमत, ते मुख्यतः वाद्यांच्या अभ्यासात. व्हायोलिन, वीणा, तंबोरा, मृदंग. 1920 साली शिवकाली कुमार यांच्यासह त्यांनी 'नेचर'मध्ये भारतीय चर्मवाद्यांवर एक छोटं टिपण छापलं, आणि 1934 साली त्याच विषयावर सविस्तर निबंध लिहिला. पुडीवर बारीक वाळू भुरभुरवून ते आघात करत. पडदा जिथे स्थिर राहतो तिथे वाळू जमते आणि हालचालीचा नकाशाच समोर उमटतो. त्यातून निघालेला निष्कर्ष माझ्या मते त्यांच्या ध्वनिशास्त्रातल्या सगळ्यात देखण्या निष्कर्षांपैकी आहे. पडद्याच्या पहिल्या नऊ हालचाली शाईमुळे फक्त पाच स्वरांत गोळा होतात, आणि ते पाच स्वर एक, दोन, तीन, चार, पाच अशा पटीत असतात. तिसऱ्या स्वरावर दोन हालचाली, चौथ्यावर दोन, पाचव्यावर तीन. वेगवेगळ्या ठिकाणी वाजवलं तरी तबला सुरातच का बोलतो, याचं कारण हे. आघातानं यातली कुठलीही हालचाल जागी होवो, ती जाऊन बसते त्या पाचांतल्याच एका स्वरावर.

तबलजी हे हातानं रोज वापरतात. 'ना' हा बोल वाजवताना तर्जनी चाटेवर, म्हणजे पुडीच्या काठावरच्या पट्टीवर, पडते आणि अनामिका शाईच्या कडेला हलकेच टेकलेली असते. ती अनामिका पहिल्या हालचालीला दाबून टाकते. दुसऱ्या हालचालीची स्थिर रेषा तिच्याखालून जाऊ शकते, त्यामुळे ती टिकते. म्हणून 'ना' इतका स्वच्छ, टोकदार ऐकू येतो. बोट उचलून खुला बोल वाजवा, दबलेला खालचा स्वर लगेच मोकळा होतो.

आणि मैफलीआधी हातोडी घेऊन गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या कडेच्या विणलेल्या चामडी कड्यावर, जी ठोकाठोक चालते, जिला कंटाळून मागच्या रांगेतले चहाला जातात, तिलाही कारण आहे. ती स्थिर रेषा पुडीवर कुठल्याही दिशेनं जाऊ शकते. गजऱ्याचे सोळा भाग म्हणजे घरं; या सोळाही घरांत ताण सारखा असेल, तर कुठल्याही दिशेला स्वर तोच राहतो. एका बाजूला ताण किंचित कमी असला, तर दोन दिशांचे दोन जवळजवळचे स्वर निघतात आणि त्यांच्या झगड्यातून आवाज वर-खाली लहरायला लागतो. तबलजी घराघराला ठोकून बघतात ते ही लहर घालवण्यासाठी. तेव्हा चहा जरूर घ्या, पण कुरकुर नको.

वजन हातानं कमीजास्त करून बघायचं असेल, तर कीर्तनातल्या पखवाजाकडे बघा. त्याच्या उजव्या तोंडाला कायमची शाई असते. डाव्या तोंडाला वाजवण्याआधी भिजवलेली कणीक थापतात. घुमारा जास्त हवा तर कणीक वाढवायची, कमी हवा तर चिमूटभर काढायची, आणि कार्यक्रम संपला की खरवडून टाकायची. तबल्याच्या जोडीचा डाव्या हाताचा डग्गा घ्या: त्याची शाई मधोमध नसून एका बाजूला असते, म्हणजे तळहाताच्या मागच्या भागाला पडदा दाबून आवाज चढवायला-उतरवायला जागा मिळते. पटीचं गणित तिथे तितकंसं चालत नाही आणि कुणाला त्याची गरजही वाटत नाही.

रामन यांच्या प्रयोगांमागचं गणित 1954 साली बी. एस. रामकृष्ण आणि मनमोहन सोंधी यांनी मांडलं. मधे जड आणि भोवती हलका, असा दुहेरी पडदा कल्पून त्यांनी उपस्वर काढले, आणि ते बऱ्याच अंशी जुळले. शाई चढवणारा कारागीर मात्र आजही समीकरण मांडत नाही. थर दिला, घासला, थाप मारून ऐकलं, पुन्हा थर. तुमच्या घरच्या तबल्याच्या शाईचा एखादा तुकडा मधूनच उडाला आणि तो बेसूर वाटायला लागला, तर हातोडी उचलू नका. बिघडलेलं आहे वजन, आणि ताण कितीही बदललात तरी प्रमाण काही दुरुस्त होणार नाही. पुडी त्या कारागिराकडेच न्यावी लागेल.

नमस्कार.