कॉफीच्या कपाबरोबर आलेली तबकडी

नमस्कार श्रोतेहो.

अमेरिकेत मुलाकडे किंवा लेकीकडे राहून आलेले आईवडील परतल्यावर एक गोष्ट हमखास सांगतात. विमा काढल्याशिवाय जाऊ नका हो! मग कुणाच्या तरी दाताचं बिल, कुणाच्या तरी रुग्णवाहिकेचं बिल, आणि ऐकणाऱ्याच्या कपाळावर आठ्या. त्या आठ्यांमागून एक प्रश्नही येतो. एवढा श्रीमंत देश, मग सगळ्या नागरिकांना सरकारी आरोग्य विमा का नाही?

कारणं पुष्कळ आहेत. तिथे विमा बहुधा नोकरीबरोबर मिळतो, त्यावर करसवलती आहेत, विमा कंपन्या आहेत, राज्यांचे आणि केंद्राचे वाद आहेत. ते अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी सांगावं, आणि शक्यतो सकाळी सांगावं. मी आज एका ग्रामोफोनच्या तबकडीबद्दल बोलणार आहे. लोकांचं मत कसं बनलं, कुणी बनवलं, आणि त्यात खरं किती होतं, हे मला त्या तबकडीतून जेवढं कळलं तेवढं जाड पुस्तकांतून कळलं नाही.

पण आधी थोडी पार्श्वभूमी. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा हॅरी ट्रूमन राष्ट्राध्यक्ष होते. सगळ्यांसाठी राष्ट्रीय आरोग्य विमा असावा, असा त्यांचा आग्रह. डॉक्टरांची संघटना, अमेरिकन मेडिकल असोसिएशन, कडाडून विरोधात. 1949 साली संघटनेने प्रत्येक सदस्य डॉक्टरकडून 25 डॉलर गोळा केले आणि कॅलिफोर्नियातल्या व्हिटेकर आणि बॅक्स्टर या नवराबायकोच्या प्रचारसंस्थेला काम दिलं. आजारी मुलाच्या उशाशी काळजीने बसलेला डॉक्टर, असं ल्यूक फिल्ड्सचं एक जुनं इंग्रजी चित्र आहे. ते छापून दवाखान्यांत लावलं गेलं. खाली मजकूर काय, तर या चित्रात राजकारण आणू नका. म्हणजे राजकारण आणू नका असं सांगणारं राजकीय भित्तिपत्रक!

त्याच मोहिमेच्या एका पत्रकात लेनिनचं वाक्य होतं. सरकारी वैद्यकसेवा हा समाजवादी राज्याच्या कमानीचा मुख्य दगड आहे, असं लेनिन म्हणाला म्हणे. अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयाने लेनिनच्या लिखाणात हे वाक्य शोधलं. ते सापडलं नाही. सापडलंच नाही, श्रोतेहो! थोरामोठ्यांच्या नावावर काहीही खपवायची ही खोड फार जुनी आहे. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर चाणक्य आणि विवेकानंद रोज सकाळी काहीतरी नवीन बोलतात. इतकं बोलायला त्यांना हयातीत तरी सवड मिळाली होती का, देव जाणे. असो. ट्रूमन यांची योजना बारगळली.

आता तबकडी.

1961 साल. जॉन केनेडी राष्ट्राध्यक्ष झालेत. सगळ्यांचा विमा राहू दे, निदान म्हाताऱ्या माणसांचा तरी करू, असा विचार पुढे आलेला. पासष्टी ओलांडलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांकडे त्या काळी कुठलाच विमा नव्हता. खासगी कंपन्या म्हाताऱ्यांचा विमा घ्यायला नाखूश, कारण म्हातारी माणसं आजारी पडतात. किंग आणि अँडरसन या दोन लोकप्रतिनिधींनी विधेयक मांडलं. त्यात इस्पितळाचा खर्च होता, शुश्रूषागृहाचा होता. डॉक्टरची फी मात्र त्यात नव्हती. हे लक्षात ठेवा, मी पुन्हा सांगतो. डॉक्टरची फी त्या विधेयकात नव्हती.

तरी डॉक्टरांची संघटना पुन्हा उभी राहिली. या वेळी तिने डॉक्टरांना पुढे केलं नाही. डॉक्टरांच्या बायकांना पुढे केलं. त्यांची एक महिला शाखा होती, गावोगावी पसरलेली. मोहिमेचं नाव ऑपरेशन कॉफी कप. नाव लष्करी, आणि हत्यार म्हणजे कॉफीची किटली.

तर करायचं असं. डॉक्टरीणबाईंनी शेजारणी-पाजारणींना, मैत्रिणींना दुपारी कॉफीला बोलवायचं. आपल्याकडचं हळदीकुंकू असतं ना, तसाच घरगुती बायकांचा मेळावा, फक्त वाण म्हणून टपालाची पाकिटं. कॉफी ओतायची, केक द्यायचा. (अमेरिकेतली कॉफी म्हणजे गरम पाण्याला कॉफीची ओळख करून दिलेली असते असं माझं मत आहे, आणि माझी मुलगी तिथे असली तरी ते बदलणार नाही.) गप्पा रंगल्या की तबकडी लावायची. तबकडीवर एका पुरुषाचा आवाज. ऊबदार, समजूतदार, शेजारच्या खोलीतून काका बोलावेत तसा.

हा आवाज सगळ्या बायकांच्या ओळखीचा होता. दर रविवारी रात्री जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या दूरदर्शन मालिकेत हा माणूस पाहुणचार केल्यासारखा समोर यायचा. सिनेमातला नट. वय पन्नास. नाव रोनाल्ड रेगन. आणि गंमत म्हणजे तोवर कागदोपत्री तो केनेडींच्याच डेमोक्रॅटिक पक्षाचा मतदार होता!

काय सांगतो तो तबकडीवर? लोकांवर समाजवाद लादायचा जुना मार्ग म्हणजे वैद्यकशास्त्र. औषधपाण्याच्या योजनेला माणुसकीचा मुखवटा चढवणं सोपं, कारण आजाऱ्याला मदत नको असं म्हणायला कुणाची जीभ रेटत नाही. इथवर मत झालं, मत कुणाचंही असू शकतं. पण मग तो एक चित्र उभं करतो. एका डॉक्टरला एका गावात दवाखाना टाकायचाय, आणि सरकार त्याला म्हणतं, तिथे डॉक्टर पुरेसे आहेत, तू दुसरीकडे जा. आज डॉक्टर, उद्या तुमचा मुलगा कुठे काम करणार तेही सरकार ठरवेल. आठवतंय ना मघाचं? डॉक्टरची फीसुद्धा त्या विधेयकात नव्हती. म्हाताऱ्यांचं इस्पितळाचं बिल भरायच्या कायद्यातून निघून गोष्ट थेट डॉक्टरच्या गावबंदीपर्यंत पोचली, आणि मधल्या पायऱ्या कुणाला दिसल्याच नाहीत, कारण आवाज फार छान होता.

मी आयुष्यभर माइकसमोर बसलोय, म्हणून हक्काने सांगतो. छान आवाजाच्या माणसाचं दोनदा तपासून घ्यावं. आमच्यासकट.

शेवटी तो म्हणतो, हे तुम्ही थांबवलं नाही, तर म्हातारपणी तुम्ही आणि मी आपल्या नातवंडांना सांगत बसू, की कधीकाळी अमेरिकेत माणसं स्वतंत्र होती. आणि मग, पत्रं लिहा. आत्ताच लिहा.

तबकडी संपली की यजमानीणबाईंनी कागद, बॉलपेन, तिकीट लावलेली पाकिटं टेबलावर ठेवायची. सूचनापत्रात बारीकसारीक सगळं होतं. उद्या लिहीन म्हणणारीला सोडू नका, मन तापलंय तोवर लिहून घ्या. पत्र स्वतःच्या शब्दांत हवं. घरी डॉक्टरसाहेबांच्या नावाचे छापील कागद असतील, ते वापरू नका. का? तर वॉशिंग्टनला बसलेल्या लोकप्रतिनिधीला वाटलं पाहिजे, की माझ्या मतदारसंघातल्या साध्या गृहिणी आपल्याआपण पेटून उठल्यात. संघटनेचा हात दिसता कामा नये. तबकडी रेडिओसाठी नव्हतीच, ती दिवाणखान्यासाठी होती. गाजावाजा करायचा नव्हता. ड्रू पिअरसन नावाच्या पत्रकाराने त्याच वर्षी हे सगळं आपल्या स्तंभात फोडलं, तेव्हा कुठे लोकांना कळलं की टपालपेटीत पडणाऱ्या या पत्रांमागे एकच किटली आहे.

आता मला सांगा, त्या बायका खोटारड्या होत्या का? मला नाही वाटत. आपल्या मुलांना गोवर आला तेव्हा रात्री धावून येणाऱ्या डॉक्टरची ती बायको. तिच्या घरी, तिच्या हातची कॉफी पिताना ऐकलेलं कोण तपासून बघणार? चुकीची माहिती अनोळखी माणसाकडून आली तर आपण सावध असतो. ओळखीच्या घरातून आली की आपण तिला बसायला खुर्ची देतो.

पुढचं भराभर सांगतो, घड्याळाकडे निर्माते बघताहेत. मे 1962 मध्ये केनेडींनी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये खचाखच भरलेल्या सभेत भाषण केलं. डॉक्टरांच्या संघटनेचे एडवर्ड ॲनिस यांनी तेच सभागृह भाड्याने घेतलं आणि गर्दी गेल्यावर, रिकाम्या खुर्च्या आणि कचऱ्यासमोर, दूरदर्शनसाठी उत्तर दिलं. जुलैत ते विधेयक सिनेटमध्ये 52 विरुद्ध 48 मतांनी बाजूला पडलं.

पण 30 जुलै 1965 ला केनेडींच्या नंतरचे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मेडिकेअरच्या, म्हणजे म्हाताऱ्यांच्या त्याच सरकारी विम्याच्या, कायद्यावर सही केलीच. कुठे? मिसूरी राज्यातल्या इंडिपेंडन्स गावी, 81 वर्षांच्या ट्रूमनसमोर. पहिलं कार्ड ट्रूमनना दिलं. या कायद्यात तर डॉक्टरची फीही आली होती. डॉक्टरला कुठल्या गावात राहा हे मात्र कुणी सांगितलं नाही. उलट बिलं वेळेवर मिळू लागली. आणखी एक झालं. सरकारी पैसा हवा तर गोऱ्या-काळ्यांचे वॉर्ड वेगळे ठेवता येणार नाहीत, ही अट पडली आणि दक्षिणेतल्या इस्पितळांमधल्या भिंती 1966 मध्ये भराभर उघडल्या. यावर खरं तर वेगळं भाषण हवं. आज मेडिकेअरवर 6 कोटींहून जास्त लोक आहेत. मुलांकडे ग्रीनकार्डावर कायमचे गेलेले आपले आजीआजोबासुद्धा, सलग 5 वर्षं राहिल्यावर, हप्ता भरून त्यात येऊ शकतात.

रेगन 1980 मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीला उभे राहिले तेव्हा विद्यमान राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी वादसभेत त्यांच्या मेडिकेअरविरोधाची आठवण काढली. रेगन हसून म्हणाले, झालं, यांचं पुन्हा सुरू झालं! सभागृह हसलं. मुद्दा तिथेच राहिला.

2009 साली ओबामांच्या आरोग्य कायद्याचा वाद पेटला. साउथ कॅरोलायनात एका सभेत एक गृहस्थ आपल्या लोकप्रतिनिधीवर डाफरले, सरकारचे हात माझ्या मेडिकेअरपासून लांब ठेवा! काका, मेडिकेअर सरकारच देतं, हे त्यांना नम्रपणे सांगून पाहिलं. त्यांनी ऐकलं नाही. त्याच उन्हाळ्यात म्हाताऱ्यांनी जगावं की मरावं हे सरकारी मंडळ ठरवणार, अशी आवई उठली. विधेयकात होतं एवढंच, की शेवटच्या आजारपणात काय उपचार हवेत, काय नकोत, याबद्दल डॉक्टरशी बोलायचं असेल तर त्या वेळेचे पैसे मेडिकेअर देईल. कलम वगळलं गेलं. 2016 पासून मेडिकेअर नेमके त्याच बोलण्याचे पैसे देतं. आणि ओबामांच्या कायद्याला डॉक्टरांच्या त्याच संघटनेने पाठिंबा दिला होता, हेही सांगायला हवं.

शेवटचं एकच. 1988 मध्ये मेडिकेअर वाढवणाऱ्या कायद्यावर सही करणारे राष्ट्राध्यक्ष कोण होते? रोनाल्ड रेगन! मोठ्या आजारपणाचा खर्च भरून काढायची योजना होती. त्यासाठी सुस्थितीतल्या ज्येष्ठांवर अधिभार, जास्तीत जास्त 800 डॉलर, आणि तो संपूर्ण भरणारे थोडेच. पण टपालाने घरोघर पत्रकं गेली आणि ज्यांना तो भरावाच लागणार नव्हता त्यांनाही वाटलं की 800 डॉलर आपल्यालाच पडणार. ऑगस्ट 1989 मध्ये शिकागोत डॅन रोस्टेनकाउस्की नावाच्या बड्या लोकप्रतिनिधीची गाडी आजीआजोबांनी अडवली, काठ्यांनी आणि फलकांनी बडवली. साहेब गाडीतून उतरून पेट्रोल पंपाच्या आवारातून पळाले. वर्ष संपायच्या आत अमेरिकी संसदेने तो कायदा रद्द केला.

पुढच्या भागात आपण दक्षिणेतल्या त्या इस्पितळांकडे जाऊ. नमस्कार.